ड जीवनसत्त्व आणि छातीतील गाठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा औषधांविषयी बोलायला मी उभी राहिले याचे काहींना नवल वाटेल. पण मागच्या हळदीकुंकवाला असा विषय निघाला की, ज्या बाईच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी, तिला स्तनाचा कर्करोग होतो. सबब मंडळाच्या शिल्लक रकमेतून सर्व सभासदांना त्या पुड्या आणून वाटाव्यात. सूचना मायेपोटी आली, यात शंका नाही. पण पैसा सगळ्यांचा आहे, म्हणून मी चौकशी केली. माझी भाची परिचारिका आहे. तिने दोन रविवार माझ्याजवळ बसून इंग्रजी लेख मराठीतून समजावून दिले. त्यातले मला उमगले ते सांगते.

ही कल्पना काही वेडगळ नव्हे. अमेरिकेत सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या भावांनी देशाचा नकाशा पाहिला, तेव्हा जिथे ऊन कमी त्या भागात काही कर्करोगांनी होणारे मृत्यू अधिक दिसले. १९८० साली त्यांनी आतड्याच्या कर्करोगाविषयी हा तर्क मांडला, आणि १९९० साली स्तनाच्या कर्करोगाविषयीही तो पुढे आला. उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, तेव्हा तेच रक्षण करीत असेल, असा विचार. पुढे रुग्ण बायकांचे रक्त तपासले, तर पुष्कळ ठिकाणी ड कमीच आढळले.

पण मेख इथेच आहे. आजारी बाई घरात पडून असते, तिला ऊन कुठून मिळणार? स्थूल बाईच्या रक्तात ड कमी असते, आणि पाळी गेल्यावर स्थूलपणानेच या रोगाचा धोका वाढतो. मोकळ्यावर चालणारीला ऊनही मिळते आणि व्यायामही घडतो. मग गुण कोणाचा म्हणायचा? पावसाळ्यात छत्र्या आणि बेडूक दोन्ही दिसतात, म्हणून छत्र्यांमुळे बेडूक होतात असे आपण म्हणत नाही.

याचा निवाडा करायची एकच रीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बायकांचे दोन गट पाडायचे, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी द्यायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ बायकांवर असा प्रयोग झाला. एका गटाला रोज ४०० एकक ड आणि कॅल्शियम दिले. सुमारे सात वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांत ५२८ जणींना आणि न घेणाऱ्यांत ५४६ जणींना स्तनाचा कर्करोग झालेला आढळला. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. हे २००८ साली छापून आले. मात्रा थोडी होती म्हणून गुण आला नाही, असे काहींनी म्हटले. मग बोस्टनच्या डॉक्टर जोअॅन मॅन्सन यांनी २५,८७१ स्त्रीपुरुष घेऊन रोज २,००० एकक देऊन पाहिले, पाच वर्षांहून अधिक. त्याचा निकाल २०१९ सालच्या अंकात छापला गेला. स्तनाचा कर्करोग त्यातही कमी झाला नाही.

भाची म्हणाली, “मावशी, त्या बायकांत ड फार कमी असलेल्या थोड्याच होत्या, हेही सांग.” सांगते. आपल्याकडे ऊन रखरखीत असूनही पुष्कळ बायकांत ड कमी आढळते. आपण अंगभर पदर घेऊन सावलीत वावरतो. आणि खिडकीच्या काचेआडून आलेल्या उन्हाने ड तयार होत नाही. अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हानेही फारसे होत नाही. त्याला दुपारकडचे ऊन लागते. (माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेले नाही.) ड कमी पडले तर मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे ठिसूळ होतात आणि अंग दुखते. तेव्हा डॉक्टरांनी दिलेले औषध जरूर घ्यावे, पण ते हाडांसाठी. मनाने पुड्यांवर पुड्या घेतल्या तर रक्तात कॅल्शियम वाढते, ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडालाही अपाय होतो.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. आमच्या आळीतल्या एका वहिनींच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती. “मी तर दर आठवड्याला पुडी घेते, मला काय होणार?” असे म्हणत त्यांनी आठ महिने काढले. शेवटी दाखवायला गेल्या तेव्हा गाठ काखेपर्यंत पोचली होती. उपचार चालू आहेत, पण ते किती सोपे झाले असते! हा रोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे आपल्याला कोणी सांगतच नाही. आणि छातीचे नाव काढायलाही आपण लाजतो.

आता पैशाचे बोलते. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांतील बायकांची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. यंत्र नाही, सुई नाही. २०२१ साली निकाल आला. तपासलेल्या बायकांचा रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा गुण दिसला नाही, हेही खरे. तरी पुड्यांपेक्षा हा खर्च मला शंभर पटींनी बरा वाटतो.

म्हणून माझी सूचना अशी की, शिल्लक रकमेतून पुड्या न आणता एक जाणत्या डॉक्टरीणबाई बोलवाव्यात आणि सभागृहात एक दुपार तपासणी ठेवावी. पन्नाशीपुढच्यांना आधी घ्यावे. गाठ, स्तनाग्रातून रक्त, कातडीला खळगा, यांपैकी काही आजच असेल तर त्या दुपारची वाट न पाहता उद्याच दवाखाना गाठावा. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. ज्यांना एकट्याने यायला संकोच वाटतो त्यांच्याबरोबर मी येईन, आणि आडोशाचे पडदे माझ्या घरचे आहेत.