हजेरीची वही आपल्याही घरात हवी

मी नागपुरात बचत गटांची समन्वयक आहे. एरवी मी कर्ज, व्याज आणि परतफेड यावर बोलते. आज कामावर इजा झाली तर मिळणाऱ्या भरपाईबद्दल बोलणार आहे.

आमच्या एका गटातली ताई हिंगण्याकडच्या एका लहान कारखान्यात पंच मशीनवर बसायची. वय 40, पगार महिना 8 हजार, तोही रोख. कामाला एकूण सातच माणसं. एक दिवस तिच्या उजव्या हाताची तर्जनी मशीनमध्ये पूर्ण गेली. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, हातावर 10 हजार ठेवले आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली. बैठकीत ती म्हणाली, “मालक चांगला आहे वो ताई, नाहीतर कोण देते?” मीही मान हलवली. मी बीए झालेली, पण मलाही कायदा कुठं ठाऊक होता!

पुढं एका वकीलबाईंनी आम्हाला हिशोब करून दाखवला. तुम्हीही कागद-पेन घ्या. 1923 पासून आपल्या देशात कामगार भरपाईचा कायदा आहे. त्यात कायमच्या अपंगत्वासाठी पगाराचे 60 टक्के धरतात. 8 हजारांचे झाले 4,800. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. 40 व्या वर्षी तो 184.17 आहे. गुणाकार येतो 8 लाख 84 हजार. पूर्ण तर्जनी गेली तर तक्त्यात नुकसान 14 टक्के लिहिलेलं आहे. म्हणजे ताईचे होतात 1 लाख 23 हजारांच्या वर. दवाखान्याचा खर्च वेगळा. आणि हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढं टिकत नाही, सही असली तरीही.

दावा दाखल केला, तर मालकाचं पहिलं उत्तर आलं, “ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती.”

पगारपत्रक नाही, ओळखपत्र नाही, नेमणुकीचा कागद नाही. आम्ही सगळ्या हबकलो. तेव्हा गटाची सचिव उठली आणि इतिवृत्ताची वही घेऊन आली. त्यात तारखेसह लिहिलं होतं : कारखान्यात हात जायबंदी, हप्ता दोन महिने पुढं ढकलला. खाली अकरा जणींच्या सह्या. ती वही आता दाव्याच्या कागदांत लागली आहे. निकाल यायचा आहे, पण “कामालाच नव्हती” हे बोलणं मालकाला आता सोपं राहिलेलं नाही.

आपल्या जिल्ह्यात हा विषय दूरचा नाही. 17 डिसेंबर 2023 ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यात सहा बाया होत्या. पुढच्याच जूनमध्ये धामण्याला स्फोट झाला, तिथंही मरणाऱ्यांत लेकीबाळी जास्त. अशा वेळी सरकार मदत जाहीर करतं. ती घ्यावी. पण मदत म्हणजे भरपाई नव्हे. कायद्याची भरपाई वेगळी असते आणि ती मागावी लागते.

मागणारीला वेळही लागतो. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रात्रीचा रखवालदार 2003 साली कामावर जाताना वाटेत अपघातात गेला. वाटेतला अपघात कामातला धरायचा का, यावर त्याच्या बायकोला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 2025 साली निकाल तिच्या बाजूनं लागला. बावीस वर्षं! आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घर ते काम या वाटेवरचा अपघातही धरला आहे. आणि नव्या कामगार संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. ते मागायला लाजू नका.

जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत आणि पगार 21 हजारांपर्यंत आहे, तिथं राज्य कामगार विमा लागू होतो. मग भरपाई विम्यातून मिळते आणि उपचार सोमवारी पेठेतल्या विमा रुग्णालयात होतात. कामावरच्या इजेनं घरी बसावं लागलं तर मजुरीच्या 90 टक्के मिळतात. म्हणून पगारातून विम्याचे पैसे कापतात का आणि आपला विमा क्रमांक काय, हे आजच विचारा. ठेकेदारामार्फत काम करत असाल तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

इजा झालीच तर दवाखान्यात डॉक्टरांना ‘कामावर लागलं’ असंच लिहायला सांगा. ‘घरी पडली’ असं कुणी लिहायला लावलं तर ऐकू नका. मालकाला लेखी कळवा, फोटो ठेवा. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. वकिलाच्या फीची चिंता नको, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन नंबर आहे 15100.

शेवटी एक विनंती. दहा रुपयांची वही घ्या. रोज कामाची तारीख, जागा, ठेकेदाराचं नाव आणि मिळालेली मजुरी लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. महिन्याच्या बैठकीत ती वही सगळ्यांसमोर वाचा आणि गटाच्या सह्या घ्या. बचतीचा एक एक रुपया आपण इतकी वर्षं लिहीत आलो. आता आपल्या कामाचे दिवसही लिहू या.