पंचमीची ओहोटी

मुंबईहून अलिबागची एका दिवसाची सहल ठरली की बहुतेक जण आधी रविवार पाहतात. अलिबागचा जाणता वाटाड्या मात्र पंचांग पाहतो. तिथला कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला होडीशिवाय इलाज नाही.

हिशेब सगळ्या कोकणकिनाऱ्याला पाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. पंचमीची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पंचमी शुद्ध असो की वद्य, सकाळच्या लाँचने निघणाऱ्याला ती सोयीची. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण ती भांगाची. पाणी पुरते हटत नाही, मग घोडागाडी गाठा नाहीतर कपडे सावरत पाण्यातून चाला. पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे समुद्र लांबवर ओसरतो, पण भल्या सकाळी आणि संध्याकाळी. एका दिवसाच्या पाहुण्याला दोन्ही वेळा गैरसोयीच्या.

गेटवेहून मांडवा तासाभराचे. पुढे अलिबागपर्यंत बस, आणि तिचे भाडे बहुधा लाँचच्या तिकिटातच धरलेले असते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो बोट सुरू झाल्याने मोटारही सोबत नेता येते.

किल्ल्यापाशी पोचल्यावर लोकांना आत शिरायची घाई असते. चांगला वाटाड्या त्यांना आधी तटाशी थांबवतो आणि दोन दगडांच्या फटीत बोट घालायला सांगतो. तिथे चुना नाही. अवजड चिरे नुसतेच एकावर एक रचलेले. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि भिंतीला धक्का कमी बसतो. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला हा तट आजही लाटा झेलतो आहे. पुढे हा किल्ला कान्होजी आंग्र्यांचे ठाणे झाला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी कुलाबा पडला नाही. आत गणपतीचे देऊळ आहे, आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तळेही.

हे सगळे घाईत पाहण्यासारखे नाही. पण पाणी वळले की वाटाड्याने हाक मारायची आणि लोकांनी निमूट निघायचे. फोटोंच्या नादात मागे राहिलेल्यांची वाट बघता बघता बुडते.

दुपारी गावात कान्होजींची समाधी पाहावी. चुंबकीय वेधशाळाही इथलीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडण्याची भीती निर्माण झाली. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम अलिबागला हलवले. बहुतेक सहली हिच्या दारावरून तशाच पुढे जातात, हे खरोखर वाईट वाटण्यासारखे आहे.

वेळ उरला तर रेवदंडा ओलांडून कोर्लईला जावे. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले. कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून घडलेली स्वतःची बोली अजून घराघरांत बोलली जाते, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तिथली माणसे मराठीतच मनमोकळे उत्तर देतात.