वावरात जाता येईन का जी?

आज फिजिओथेरपीची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

मी नरखेड तालुक्यात फिजिओथेरपीचं काम करते. तिथल्या पेशंटचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो. दुखणं कधी जाईल, हे ते मागाहून विचारतात. आधी विचारतात, ‘‘वावरात जाता येईन का जी?’’ साडेचार वर्षांत तुम्ही स्नायू, सांधे, मज्जातंतू यांच्याबद्दल जे शिकलात, ते या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी शिकलात, असं मी मानते. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

नरखेड हा नागपूर जिल्ह्याच्या टोकाचा, मध्य प्रदेशाला लागून असलेला तालुका. संत्रा, मोसंबी, कापूस, सोयाबीन, तूर. या प्रत्येक पिकाचं दुखणं वेगळं आहे. निंदणाला बाया तासन् तास उकिडव्या बसून सरकतात, त्यांचे गुडघे धरतात. सोयाबीनच्या सोंगणीत माणूस दिवसभर कमरेतून वाकलेला असतो. फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरून पाठीवर घेतला की चिखलातलं प्रत्येक पाऊल त्या वजनासकट पडतं. संत्रा तोडताना हात खांद्याच्या वर आणि पाय शिडीच्या दांडीवर, त्यानंतर भरलेली कॅरेट गाडीत चढवायची. 2004 मध्ये सचिनचं कोपर दुखावलं तेव्हा घराघरात ‘टेनिस एल्बो’ हे नाव पोचलं. तेच कोपर घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नाही. त्यांनी धुणी पिळली आहेत, विळा चालवला आहे.

निंदणाऱ्या बाईला गुडघेदुखीसाठी सल्ला मिळतो, ‘‘खाली बसू नका, आराम करा.’’ ती बसली नाही तर तिची मजुरी बुडते. म्हणून ती दोन दिवस आराम करते, गोळी खाते आणि तिसऱ्या दिवशी त्याच गुडघ्यांनी निंदायला जाते. सल्ला वाया गेला, गुडघा होता तिथेच राहिला. तुम्ही तिला कॉटवरून हात न टेकता उठायला-बसायला लावा. जमलं की कॉटपेक्षा बुटक्या स्टुलावरून, मग पाटावरून. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू कमावायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर ती दहाव्या दिवशी व्यायाम सोडेल. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसाइतकाच असेल तर मात्रा बरोबर आहे. सुजला किंवा जास्त आखडला तर मात्रा कमी करायची, व्यायाम बंद करायचा नाही. वजन जास्त असेल तर तेही बोला. स्थूल आणि गुडघ्याची झीज असलेल्या वृद्धांवर 2005 साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, शरीराचं एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं दिसलं. काही गुडघे पुन्हा पूर्ण उकिडवे बसणार नाहीत. तेही खरं सांगा, आणि तिच्या घरच्यांशी बोलून तिच्यासाठी फळं निवडण्यासारखं उभ्याचं काम शोधा. हेसुद्धा पुनर्वसनच आहे.

कंबरदुखीत आरामाने किती नुकसान होतं, हे 1986 सालीच तपासलं गेलं. तीव्र कंबरदुखीच्या एका गटाला दोन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसांच्या गटाची कामावरची गैरहजेरी 45 टक्क्यांनी कमी निघाली, आणि बाकी बाबतीत सात दिवसवाल्यांना काहीच जास्त मिळालं नाही. इतकी वर्षं झाली तरी आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आपल्याकडे अजून दिला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यात एमआरआयची भर पडते. माणूस रिपोर्टची पिशवी घेऊन येतो आणि सांगतो, ‘‘मणक्यात गॅप आली.’’ त्याला सांगा की कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलतो, तो वाकायला तयार होतो. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, जांघेत बधिरपणा असेल, पाय लुळा पडत असेल, तर त्याला त्याच दिवशी नागपूरला पाठवा. रात्री झोपू न देणारं दुखणं, ताप, विनाकारण उतरलेलं वजन, यांनाही व्यायाम सांगत बसू नका, तपासणीला पाठवा.

माणसाला त्याच्या कामावर परत नेणं हे आपल्या पेशाचं मूळचंच काम आहे. आपल्या देशात फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. पोलिओने लुळी पडलेली मुलं समोर होती आणि त्यांना हात देणारी प्रशिक्षित माणसं नव्हती. 1952 साली तिथे फिजिओथेरपीची शाळा निघाली. त्या मुलांना शाळेपर्यंत चालत नेणं हे तेव्हाचं काम होतं. आणि आपल्याच सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवा. 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झालेला हा जवान मूळचा बॉक्सर. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. ज्यांनी त्यांना पहिल्यांदा पाण्यात उतरवलं, त्यांची नावं आपण घेत नाही. मला मात्र त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

तरुणांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पोलीस भरतीची चाहूल लागली की आमच्याकडे पहाटे डांबरी रस्त्यांवर पोरंपोरी धावायला लागतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. काल अजिबात न धावणारा मुलगा आज पाच किलोमीटर धावतो, तेही झिजलेल्या बुटांत. तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल तर धावणं निम्म्यावर आणा, मातीच्या मैदानावर न्या, पोटरीचे व्यायाम द्या. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी टोचून दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेला असण्याची शंका धरा. सुरुवातीच्या एक्स-रेत तो बहुधा दिसत नाही, म्हणून चांगल्या एक्स-रेवर विसंबू नका. मुलगी असेल तर पाळी नियमित आहे का, दोन वेळा पोटभर जेवते का, हे आपुलकीने विचारा. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये याबद्दल जगभरच्या प्रशिक्षकांना सावध केलं. गावातल्या मुलीला हे सांगणारं तुमच्याशिवाय कोणी नसेल.

आणि कबड्डी. पकडीत पाय अडकतो, अंग फिरतं, गुडघ्यात ‘कट्’ होतं आणि तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगतो. घरचे तेल लावून जोरजोरात चोळतात. चोळू देऊ नका. गुडघ्यातला पुढचा क्रॉस बंध तुटला असण्याची शक्यता मोठी असते. ऑपरेशन झालं तरी पुढचं काम तुमचं, आणि ते लांबलचक. 2016 च्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं पुढे ढकलावं, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटतो. पण सहाव्या महिन्यात मुलगा दुखत नाही म्हणतो, आणि गावची स्पर्धा आलेली असते. तेव्हा त्याला एका पायावर उडी मारायला लावा, दुसऱ्या पायाशी अंतर ताडून पाहा, मांडीचा जोर मोजा. फरक त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. रागावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आमच्या तालुक्यातून नागपूर रेल्वेने ऐंशीच्या वर किलोमीटर आहे. शहरातल्या उपचाराच्या एका बैठकीसाठी मजुराचा पूर्ण दिवस जातो. त्याला रोज या म्हणू नका. मशीनचा शेक आणि करंट यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तेवढ्यासाठी त्याची मजुरी मोडू नका. तीनच व्यायाम द्या, मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या, सोबत आलेल्या मुलीला किंवा सुनेलाही शिकवा, आणि निघण्याआधी त्याच्याकडून एकदा करून घ्या. निंदण पावसाळ्यात असतं. बायांचे गुडघे मे महिन्यातच तयार करायला घेता येतात. हे काम मोवाडला, जलालखेड्याला, सावरगावला, बेलोन्याला करायचं आहे आणि त्यासाठी माणसं कमी आहेत. तुमच्यापैकी ज्यांना सहा महिने तरी येऊन पाहायचं असेल, त्यांनी आज जेवणाच्या वेळी मला भेटावं. राहण्याची सोय मी करते.