चाकांवरची खोली
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर डॉक्टरीणबाई बोलल्या, वकीलबाई बोलल्या, पाककलेवर आणि मुलांच्या संगोपनावर व्याख्याने झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा व्याख्यान देणे काही माझ्याच्याने व्हायचे नाही. परंतु आम्ही आमच्या जुन्या व्हॅनमध्ये राहण्याची सोय करून नर्मदेची परिक्रमा केली, हे कळल्यापासून दहा-बारा जणींनी मला वाटेत गाठून तेच तेच प्रश्न विचारले. चिटणीसबाई म्हणाल्या, "सगळ्यांना एकदमच सांगून टाका." म्हणून उभी राहिले आहे. जे केले तेवढेच सांगते.

आधी हे का केले ते सांगायला हवे, नाहीतर पुढचे फळ्या-खिळ्यांचे बोलणे कुणाला कळणार नाही. माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या. परिक्रमा करावी, ही त्यांची फार वर्षांची इच्छा. पायी शक्यच नव्हते. पण बसने यात्रा जातात, तशाही त्या जायला तयार होईनात. विचारले की "आता काय करायचंय जाऊन" म्हणून विषय मिटवायच्या. खरे कारण मला ठाऊक होते. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. खाली बसायच्या संडासात त्यांना बसता येत नाही, आणि रात्री तीन-चार वेळा तरी उठावे लागते. अनोळखी धर्मशाळेत, अंगणापलीकडच्या अंधाऱ्या मोरीपर्यंत त्यांनी जायचे कसे? त्यामुळे कुठे लग्नाकार्याला जायचे झाले, तरी त्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करीत.

भगिनींनो, आपल्यातल्या किती जणी एस. टी. त बसण्यापूर्वी पोटभर पाणी पितात? बघा, एकही हात वर नाही. आपण सगळ्याच हे करतो आणि कुणाला सांगत नाही. पण म्हातारपणी ते अंगावर येते. २०२२ साली एका लग्नाहून परत आल्यावर सासूबाईंना लघवीचा त्रास होऊन ताप चढला. चार दिवस सलाईन लावावे लागले. त्यानंतर त्यांनी गावाबाहेर पाऊल टाकले नाही. तेव्हा आमच्यापुढचा प्रश्न हौसेचा नव्हता. त्यांची एक रात्र घराबाहेर सुखाची कशी जाईल, एवढाच प्रश्न होता.

आमची गाडी तुम्ही पाहिली आहेच. मारुतीची व्हॅन १९८४ साली निघाली, पुढे तिला ऑम्नी म्हणू लागले आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. आमची २०१४ सालची, पाच जणांची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. ही गाडी लहान खरी, पण इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागे सपाट जागा मिळते आणि दार बाजूला सरकते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला चढणे सोपे जाते.

सुताराला बोलावण्यापूर्वी मी एक काम केले. वहीत सासूबाईंची रात्र लिहून काढली. नऊला निजतात, अकराला उठतात, एकला, तीनला. पहाटे पाचला चूळ भरून जप. उठल्यावर हात कशाला धरतात, चष्मा कुठे ठेवतात, तांब्या कुठल्या बाजूला लागतो, सगळे लिहिले. मग जुने पुठ्ठे आणून फळ्यांच्या मापाचे कापले आणि गाडीत मांडून त्यांना निजवून पाहिले. सासूबाई चार फूट अकरा इंच, मी पाच फूट एक इंच. पुढच्या सीट सरकवल्यावर मागे साडेपाच फूट लांबी मिळाली. गाडी आम्हा दोघींना पुरली. आमच्या ह्यांनी आश्रमाच्या ओसरीवर पथारी टाकायची असे ठरले.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा; त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्यातून आलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निकाल दिला. म्हणून आम्ही गाडीला एक भोक पाडले नाही, एक सीट काढली नाही, छप्पर कापले नाही. जे केले ते सगळे सुटे. आपण ट्रंक ठेवतो तसे ठेवायचे, पट्ट्यांनी आवळून बांधायचे आणि घरी आले की उचलून ठेवायचे. यात पैसाही वाचतो. उद्या गाडी विकली तरी फळ्या आपल्याच राहतात.

आता रचना सांगते. मागच्या बाकाच्या पाठीमागे सामानाची जागा आहे. तिथे बारा मिलिमीटर प्लायवूडची दोन खोकी केली. एकात कपडे, दुसऱ्यात शिधा आणि औषधे. आमच्या गाडीत बाकाची पाठ पुढे पडते. ती पाडली की बाक आणि खोकी एका उंचीची होतात. त्यावर बिजागरीच्या दोन फळ्या उलगडायच्या, एक सासूबाईंची, एक माझी. फळ्यांना खालून आडव्या पट्ट्या मारल्या आहेत, म्हणजे मध्ये वाकत नाहीत. वर गाद्या. नव्या फोमच्या मागे न लागता घरातल्याच दोन गाद्या पिंजून, मापाच्या करून घेतल्या. चढायला एक पाट. दिवसा फळ्या मिटून मागे जातात आणि बाक पुन्हा बसायचा होतो. मी तिथे पट्टा लावून बसत असे.

आणि आता मुख्य गोष्ट. पुढच्या सीट आणि मागचा बाक यांच्यामध्ये पाय ठेवायला जागा असते. तिथे सरकत्या दाराच्या बाजूला पंधरा इंच उंचीची एक पेटी बसवली. पेटीला वरून कमोडची बैठक, आत घट्ट झाकणाची बादली. तळाला थोडे पाणी घालून ठेवायचे. रात्री ही पेटी माझ्या फळीच्या पायथ्याखाली येते. सासूबाईंनी हाक मारली की मी उठायची, माझ्या फळीचा पुढचा तुकडा उचलायची, त्यांना आधार देऊन बसवायची आणि पडदा ओढून खाली उतरून उभी राहायची. हाताला धरायला पुढच्या सीटची पाठ आहेच. दिवसा पेटीवर झाकण आणि झाकणावर उशी. रस्त्यात कुठेही गाडी बाजूला घेतली आणि पडदे ओढले की झाले.

बादली रिकामी करायची ती आश्रमाच्या किंवा पेट्रोल पंपाच्या संडासातच. नदीत नाही, काठावर नाही, कुणाच्या शेतातही नाही. जिला आई म्हणून प्रदक्षिणा घालायची तिच्या पाण्यात साबणसुद्धा जाऊ नये, हा नियम आम्ही निघण्यापूर्वीच केला होता. आंघोळीसाठी गाडीचे मागचे दार वर उचलायचे आणि त्याला दोन जुन्या नऊवारी लुगड्यांचा पडदा बांधायचा. छान न्हाणीघर होते. पडदा दुहेरी आणि गडद रंगाचा हवा, कारण आत दिवा असला की सावली बाहेर दिसते.

पुष्कळ जणींनी विचारले, "ओटा कुठे केलात?" ओटा केलाच नाही. जन्मात पहिल्यांदा मी स्वयंपाकघर नसलेले घर आखले. वाटेवर आश्रमांतून परिक्रमावासीयांना जेवण मिळते. चहाला थर्मास आणि भुकेला दशम्या, लाडू. सिलिंडर नाही म्हणजे वजन नाही, खर्च नाही आणि धास्तीही नाही. गाडीत निजायचे असेल, तर आत गॅस किंवा कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. थंडी कितीही असो. बंद जागेत त्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो. निजलेला माणूस उठतच नाही. ऊब किंवा गारव्यासाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणेही तितकेच वाईट.

काचा पूर्ण बंद करायच्या नाहीत. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन बोटे उघड्या ठेवायच्या आणि त्यांना चिकटपट्टीने मच्छरदाणीची जाळी लावायची. दोन माणसांच्या श्वासानेच इतकी वाफ धरते की काचांवरून पाणी ओघळते आणि पांघरुणे ओलसर होतात. दिवा आणि छोटा पंखा चार्जिंगचे घ्या, गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालवू नका. बॅटरी उतरली की सकाळी गाडी सुरू होत नाही. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन डबे ठेवले. दोन्ही भरले की चाळीस किलो वजन झाले, म्हणजे एक पोरगेच. ते वजन टपावर न चढवता खाली तळाशी, बाकाला टेकून बांधले. टपावर जड सामान असले की वळणावर गाडी झुलते.

खर्चाचा हिशेब वहीत आहे तसा वाचते. प्लायवूडचे दोन तक्ते ४,६०० रुपये. सुताराची मजुरी, बिजागऱ्या, कड्या ३,२००. गाद्या पिंजणे, खोळी शिवणे १,१००. जाळी आणि चिकटपट्टी ६५०. कमोडची बैठक आणि झाकणाच्या दोन बादल्या ९००. तोटीचे पाण्याचे डबे ८००. दिवा, पंखा आणि पॉवर बँक २,२५०. सामान आवळायचे पट्टे ५००. एकूण १४,००० रुपये. पडद्यांना खर्च नाही, लुगडी घरचीच. यातले १२,००० आपल्या भिशीचे. माझा नंबर लागला तो अगदी वेळेवर. उरलेले दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून निघाले.

निघण्यापूर्वी आम्ही दोघी दोन रात्री आमच्याच अंगणात गाडीत निजलो. पडद्यावरची सावली आणि काचांवरची वाफ तिथेच कळली. कुणीही असे काही करील, तर हा प्रयोग दाराशी जरूर करावा. जे लागेल ते चार पावलांवर घरात असते.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही ओंकारेश्वरहून निघालो. नर्मदा उजव्या हाताला ठेवून जायचे आणि ती ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठांनी जायचे, शिवाय गाडीचे रस्ते वळणावळणाचे, म्हणून अंतर दुपटीहून अधिक पडते. आम्हाला अठरा दिवस लागले. मुक्काम नेहमी आश्रमाच्या आवारात, विचारून आणि उजेडी. गाडीचे तोंड रस्त्याकडे आणि किल्ली ठरलेल्या खुंटीला. अमरकंटकला, जिथे नदी उगम पावते, तिथे थंडी फार होती. तिथे शाली, पायमोजे आणि गरम पाण्याच्या पिशवीवर रात्र काढली. सासूबाई सकाळी म्हणाल्या, "घरच्यापेक्षा बरी झोप लागली." थोडी अतिशयोक्ती असेल, मी मानून घेतली.

मला मात्र लक्षात राहिला तो तिसरा दिवस. भर दुपारी, रस्त्यात, सासूबाईंनी पुढच्या सीटवरून मागे हात केला आणि म्हणाल्या, "अगं, तांब्या दे इकडे, तहान लागलीय." आमच्या ह्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. मला वाटले. वीस वर्षांत प्रवासात त्यांनी आपण होऊन पाणी मागितल्याचे मला आठवत नाही.

भगिनींनो, गाडी प्रत्येकीकडे असेल असे नाही, आणि परिक्रमेलाच जायला हवे असेही नाही. माहेरी जाऊ न शकणारी एखादी आई, नातवाच्या मुंजीला न गेलेली एखादी आजी आपल्या आळीत असेलच. ती का येत नाही, हे तिला एकान्तात, न लाजता विचारा. पुष्कळदा कारण एवढेसेच निघेल आणि त्याला इलाजही असेल. आमच्या फळ्या, पेटी आणि पडदे माळ्यावर नीट बांधून ठेवले आहेत. ज्यांच्याकडे अशीच गाडी असेल त्यांनी आधी माप घेऊन यावे आणि हक्काने घेऊन जावे. भाडे नाही, पेटी तेवढी धुऊन, उन्हात वाळवून परत करावी.