शस्त्रक्रिया एका दिवसाची, पथ्य जन्माचे



‘वजनाचे ऑपरेशन करून घ्यावे काय?’ हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. जिंतूर, सेलू, गंगाखेडकडच्या घरांतूनही तो विचारला जातो. त्याला एका शब्दाचे उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही या शस्त्रक्रियेचे विरोधक नव्हे. अतिस्थूल मनुष्याचा मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत कोंडणारा श्वास तिने सुधारतो, आयुष्यही वाढते. आमचे म्हणणे एवढेच की तिचा धोका टेबलावर संपत नाही. तो रोग्याबरोबर घरी येतो.

प्रथम, यात करतात काय ते पाहू. एका प्रकारात जठराचा सुमारे पाऊण हिस्सा कापून काढून केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न मधला मार्ग टाळून जाते. या विद्येचा इतिहास उद्बोधक आहे. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून जोडणी करीत. वजन झपाट्याने उतरे. पण मागाहून अतिसार, मुतखडे, क्वचित यकृताचा नाश ओढवे. ती पद्धत अखेर टाकून द्यावी लागली. १९६६ साली आयोवातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराची पिशवी करण्याचा मार्ग दाखविला. वजन उतरणे आणि आरोग्य येणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्यातला धडा. आपल्या चरकसंहितेनेही निंद्य शरीरांत अतिस्थूलाबरोबर अतिकृशाला बसविले आहे, ते उगीच नव्हे.

आता धोके. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेने मृत्यू येण्याचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेहून ती फार भयंकर नव्हे. पहिल्या दिवसांत भीती असते ती टाक्यांतून गळती होण्याची, रक्तस्रावाची आणि पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाण्याची. नाडी फार जलद चालू लागली, ताप आला, पोट वा खांदा दुखू लागला, दम लागला, तर रात्र काढू नये.

पुढचे धोके मात्र सावकाश येतात. लोह, कॅल्शियम, ‘ब-१२’ व ‘ड’ जीवनसत्त्वे कमी पडतात; गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्त वेळोवेळी तपासावे लागते. वजन भरभर उतरताना पित्ताचे खडे होतात. नळीच्या प्रकारात आम्लपित्त बळावते. पथ्य सुटले की वजन काही अंशी परतही येते.

येथे परभणीचा विचार करावा लागतो. पुष्कळदा शस्त्रक्रिया होते दूरच्या शहरी, आणि रोगी देवगिरी एक्सप्रेसने उतरतो परभणीला. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तांब्याभर पाणी गटागटा पिण्याची सोय आता त्याच्या जठरात नाही. दिवसभर घोट घोट घेतले नाही तर शरीर शुष्क होते. माळकऱ्याने मांस-अंडी न घेता प्रथिने कोठून आणावीत? डाळ, दही, पनीर आणि आपल्याच शेतातले सोयाबीन यांचा हिशेब आहारतज्ज्ञाकडून आधीच करून घ्यावा. पहिल्या महिन्यांत एकादशीचा कडक उपवास नको.

त्याहून गंभीर दोन गोष्टी गावच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवाव्यात. अशा रोग्याला दिवसेंदिवस उलट्या होत असतील, तर ग्लुकोजचे सलाईन लावण्यापूर्वी ‘ब-१’ जीवनसत्त्व दिले पाहिजे. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आतड्याची जोडणी झालेल्याच्या पोटात वर्षांनंतरही कळ उठली, तर ‘गॅस झाला’ म्हणून बोळवण करू नये. आतडे आतल्या आत अडकलेले असू शकते. गुडघेदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेणे आणि तंबाखू यांनी जोडणीवर व्रण पडतो. मधुमेहाच्या औषधाचा डोस शस्त्रक्रियेनंतर लगेच बदलावा लागतो. तरुण स्त्रीने वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी.

२०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद या बाईंना, वजन सुमारे पाचशे किलो असताना, मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, वजन पुष्कळ उतरले. पुढे त्यांना अबूधाबीस नेले. तेथे २५ सप्टेंबरला त्या वारल्या. हृदय व मूत्रपिंडांचे विकार हे कारण सांगितले गेले. याचे खापर शस्त्रक्रियेवर फोडणे अन्यायाचे होईल. पण काटा खाली आल्याने शरीराची जुनी दुखणी आपोआप विरत नाहीत, एवढे त्यावरून कळावे.

म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माझ्या व्याधींच्या मानाने ही शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे काय? हाच प्रकार माझ्यासाठी का निवडला? वर्षानुवर्षांच्या गोळ्या व तपासण्या यांचा खर्च मला झेपेल काय? आणि मध्यरात्री पोटात कळ उठली तर परभणीत मला कोण पाहील? २०२३ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. शस्त्रक्रियेचा संपूर्ण कागद हाती असेल, तर येथला डॉक्टर पुष्कळ करू शकेल. तो कागद घरातल्या सर्वांना ठाऊक अशा जागी ठेवावा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत तारीख ठरवू नये, एवढेच आमचे सांगणे.