हौसेची कोंबडी

श्रोतेहो, कोंबडी म्हटली की आपल्याला अंडे आठवते, नाहीतर पाहुणा आल्यावरचा रस्सा. पण जगात काही जाती अशाही आहेत, की ज्या अंड्यामांसापेक्षा रूपासाठीच पाळल्या जातात. त्यांतल्या तीन-चार जातींची ओळख आज करून घेऊ. मात्र ऐकताना एक हिशेब मनात चालू ठेवा. माणसाच्या या हौसेपायी त्या पाखराला काय सोसावे लागले?

जपानच्या शिकोकू बेटावर कोची नावाचा प्रांत आहे. (आपल्या केरळातले कोची ते वेगळे, बरं का!) त्याचे जुने नाव तोसा. तिथल्या कोंबड्याला ‘ओनागादोरी’ म्हणतात. यातली ‘दोरी’ म्हणजे आपली दोरी नव्हे. लांब शेपटीचा पक्षी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तरी शेपटी पाहाल तर दोरीच आठवेल! आपल्या कोंबड्याची पिसे वर्षाकाठी झडतात आणि नवी येतात. याच्या शेपटीची काही पिसे झडतच नाहीत. वर्षाला मीटरभराच्या आसपास ती वाढत राहतात आणि दहा मीटरांहून लांब जातात. दहा मीटर म्हणजे आपली नऊवारी आणि वर थोडा पदर!

आता एवढी शेपटी घेऊन कोंबडा उकिरडा कसा उकरणार? म्हणून त्याला उंच, अरुंद, कपाटासारख्या खोक्यात वरच्या दांडीवर बसवतात. शेपटी मळू नये, तुटू नये, यासाठी ही तजवीज. दाणापाणी तिथेच. मालक त्याला फिरायला काढतो तेव्हा शेपटी हातात तोलून धरावी लागते. माझे मत विचाराल, तर तो खोक्यातला कोंबडा मला बघवत नाही. पण त्याला उकिरड्यावर सोडला, तर ती शेपटी चार दिवसही टिकणार नाही, हेही खरे. जपान सरकारने १९५२ साली या जातीला ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ ठरवले. मान मोठा मिळाला. पण रोज शेपटी सांभाळणारी घरे आता थोडीच उरली आहेत.

पोलिश कोंबडीच्या डोक्यावर पिसांचा भला मोठा झुपका असतो. नाव पोलिश असले तरी सतराव्या शतकातल्या डच चित्रांतून ही झुपकेवाली कोंबडी दिसते. झुपका डोळ्यांवर येतो, वरून झडप घालणारी घार तिला दिसत नाही. मागून कुणी गेले तरी ती दचकते. पाळणारे म्हणून आधी तोंडाने आवाज करतात, मग जवळ जातात.

इंग्लंडात सर जॉन सेब्राइट यांनी १९ व्या शतकाच्या आरंभी एक चिमुकली जात तयार केली. तिच्या प्रत्येक पिसाला काळी रेघी किनार, जणू सोनाराने काढलेली. गंमत अशी, की कोंबड्यालाही कोंबडीचीच पिसे! त्याच्या कातडीत नराच्या रसापासून मादीचा रस तयार होतो, हे त्याचे कारण. मॉर्गन या शास्त्रज्ञाने सुमारे १९१९ साली असे काही कोंबडे खच्ची केले, तेव्हा त्यांना नरासारखी लांब पिसे फुटली. पण ही जात वाढवणे सोपे नाही. अंडी थोडी, फळतात कमी, पिल्लेही नाजूक.

शिक्षकबंधूंनी एक करावे. अंगणात पडलेले पीस मुलांना द्यावे. ते बोटांनी विस्कटायला सांगावे आणि मग हलकेच सारवायला सांगावे. ते पुन्हा जुळते, कारण त्याच्या तंतूंना बारीक आकडे असतात. ‘सिल्की’ कोंबडीच्या पिसांत हे आकडेच धड नसतात. म्हणून ती मांजरासारखी मऊ, लोकरी दिसते. उडता येत नाही आणि पावसात चिंब भिजते. तिला कोरडे खुराडे हवेच. पायाला बोटे पाच, आणि कातडी आपल्या झाबुआकडच्या कडकनाथासारखी काळी.

पण खुडूक बसण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. कुणाचीही अंडी द्या, बदकाची का असेनात, ती मायेने उबवते. हौशी लोक हे ओळखून आहेत. सेब्राइटसारख्या जातींची मोलाची अंडी ते सिल्कीच्या पोटाखाली सरकवतात, आणि एकविसाव्या दिवशी पहाटेच खुराड्याशी जाऊन उभे राहतात.