पहारेकरी गेला, मालक आला

(बीड येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



मराठवाड्यातील वाचकाला छापील शब्दाचे स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ रोजी मिळाले नाही. त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावे लागले. निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईचे नावसुद्धा मोमिनाबाद होते; तेथे निर्भीड मराठी वृत्तपत्र काढणे तर दूरच राहिले. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले, ते पुण्याहून. संस्थानात त्यावर बंदी आली की अंक नव्या नावाने निघे. पुढे हेच पत्र औरंगाबादेत दैनिक झाले, अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली नावारूपाला आले, आणि कालांतराने बंद पडले. निजामाच्या बंदीला पुरून उरलेले पत्र बाजारात टिकू शकले नाही. या एका वाक्यात आजच्या विषयाचे मर्म आहे.

साम्यवादी राजवटीतून १९८९-९० मध्ये बाहेर पडलेल्या देशांची कथा याहून फार वेगळी नाही. हंगेरीचे उदाहरण विशेष बोलके आहे, कारण तेथेही जवळपास प्रत्येक जिल्ह्याचे स्वतःचे दैनिक असते आणि खेड्यापाड्यांतील माणूस राजधानीच्या पत्रापेक्षा तेच वाचतो. ही दैनिके पूर्वी कम्युनिस्ट पक्षाची होती. १९९० मध्ये पक्षाची सत्ता कोसळत असतानाच त्यांतील सात दैनिके जर्मनीच्या अॅक्सेल स्प्रिंगर कंपनीकडे गेली. पक्षाचा पहारेकरी गेला आणि परदेशी भांडवलदार आला. त्या काळी लोकांना त्यात वावगे वाटले नाही. उलट कागद चांगला आला, छपाई रंगीत झाली.

परदेशी मालकाला त्या मातीशी देणेघेणे नसते, नफा आटला की तो निघून जातो. येथेही तेच झाले. एकेकाळी कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र असलेले आणि नंतर देशातील प्रमुख दैनिक झालेले ‘नेप्साबाद्शाग’ ८ ऑक्टोबर २०१६ रोजी अचानक बंद करण्यात आले. कारण तोट्याचे देण्यात आले. त्याच महिन्यात त्याची मालक कंपनी, आपल्या हाताखालील जिल्हा दैनिकांसह, लोरिंत्स मेसारोश यांच्या निकटची मानल्या जाणाऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. हे गृहस्थ मूळचे गॅसजोडणी करणारे, आणि तत्कालीन पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचे गाववाले. २०१७ पर्यंत सर्व १८ जिल्हा दैनिके सरकारच्या मर्जीतील उद्योजकांच्या हाती आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तर चारशेहून अधिक वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळे त्यांच्या मालकांनी एका प्रतिष्ठानला दान करून टाकली! सरकारने या व्यवहाराला राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवून स्पर्धा नियामकाच्या चौकशीतून वगळले. ओर्बान यांच्या राष्ट्रवादी धोरणांविषयी कोणाला आदर असेल, कोणाला नसेल. पण वृत्तपत्रे अशी एका मुठीत आली की ती मूठ उद्या कोणाची असेल, हे कोणी सांगू शकत नाही.

आता बीडकडे पाहू. ‘झुंजार नेता’, ‘चंपावतीपत्र’, ‘लोकाशा’, ‘पार्श्वभूमी’ अशी दैनिकांची नावे या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहेत. शिवाय औरंगाबादहून १९८२ पासून ‘लोकमत’ आणि २०११ पासून ‘दिव्य मराठी’ निघू लागले. संख्येत वैविध्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मालकी राजकीय घराण्याची असणे हाही महाराष्ट्रात नवा प्रकार नव्हे. ‘लोकमत’चे दर्डा घराणे आणि काँग्रेस, ‘सामना’ आणि शिवसेना, ‘प्रहार’ आणि नारायण राणे हे संबंध वाचकाला ठाऊक असतात. विचाराचे पत्र असणे हा दोष नाही. ‘केसरी’ही विचाराचेच पत्र होते. उघड झेंडा लावलेल्या पत्रापेक्षा निःपक्षपातीपणाचा बुरखा पांघरलेले पत्र अधिक फसवे असते.

जिल्हा पत्रांची खरी दुखरी नस वेगळीच आहे. अंकाची किंमत कागदाचाही खर्च भागवत नाही. मग पत्र चालते कशावर? शासनमान्य यादीतील अ, ब, क वर्गवारीनुसार मिळणाऱ्या सरकारी जाहिरातींवर, साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या जाहीर निवेदनांवर, आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या पूर्ण पानांवर. तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा पगार नसतोच. बातमी तोच लिहितो, जाहिरातही तोच आणतो, आणि त्यावरील कमिशनवर घर चालवतो. ज्या कारखान्याच्या वजनकाट्याविषयी ऊसउत्पादक तक्रार करतो, त्याच कारखान्याची दिवाळी जाहिरात त्याच वार्ताहराला आणायची असते. येथे सेन्सॉरची गरजच काय?

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. मागे पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा वाद होता. असा प्रसंग गावात घडतो तेव्हा पहिले नाव छापायचे की ‘अज्ञात इसम’ लिहायचे, हा निर्णय दिल्ली-मुंबईत होत नाही; तो तालुक्याच्या ठिकाणी रात्री, पान लावताना होतो. एका मालकाच्या पत्राने ते नाव गाळले, तर ते छापणारे दुसरे पत्र त्याच एसटी स्थानकावर मिळाले पाहिजे. मालकीच्या वैविध्याचा अर्थ एवढाच, आणि एवढा मोठा आहे.

वृत्तपत्रांत परदेशी भांडवल येऊ न देण्याचा निर्णय भारताने १९५५ साली घेतला होता. जून २००२ मध्ये २६ टक्क्यांपर्यंत दार उघडले. हंगेरीचा अनुभव पाहता ही मर्यादा शहाणपणाचीच म्हणावी लागेल. परंतु देशी मालकाविषयी मात्र कायदा मूक आहे. प्रसारण क्षेत्रात राजकीय पक्षांना मज्जाव असावा आणि एकाच समूहाकडे वृत्तपत्र व वाहिनी दोन्ही एकवटण्यावर मर्यादा घालावी, अशा शिफारशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये केल्या. त्यांचा कायदा झाला नाही. एक जुनी तरतूद मात्र कामाची होती. १९५६ च्या नियमांनी वृत्तपत्रांना दरवर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात मालक, प्रकाशक आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असणारे भागधारक यांची नावे छापणे बंधनकारक केले. ‘फॉर्म ४’ म्हणून ओळखले जाणारे ते निवेदन बारीक टाइपात, लग्नाच्या आणि हरवल्याच्या जाहिरातींशेजारी सापडे. संपादकीय वाचणारे पुष्कळ असतात. ही चौकट वाचणारा क्वचित भेटे.